मासा उपाशी ठेवला तर पैसे वाचतात की बुडतात? ग्रोथ हॉर्मोनचं साधं गणित



मत्स्यपालनाच्या व्हिडिओखाली टाकी केवढी, बीज कुठून, सबसिडी किती हे प्रश्न येतातच. पण सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते खाद्याचे. कोलशेत, बाळकुम, घोडबंदर रोडकडच्या मंडळींचे प्रश्न तर साधारण या तीन प्रकारांत बसतात :

१. "सर, खाद्य जास्त टाकलं तर मासा लवकर वाढेल ना?"
२. "श्रावणात गिऱ्हाईक नसतं. तेवढा महिना खाद्य बंद ठेवलं तर चालेल का?"
३. "एक जण ग्रोथ हॉर्मोनची पावडर देतोय, घेऊ का?"

तिन्ही प्रश्न वेगळे दिसतात, पण तिन्हींचं उत्तर माशाच्या शरीरातल्या एकाच यंत्रणेत आहे. व्हिडिओत ते दोन मिनिटांत उरकावं लागलं, म्हणून इथे नीट समजून घेऊ. वही-पेन घेऊन बसा, कारण पुढे हिशेब आहे.

आधी धंद्याची गोष्ट : पैसा जातो कुठे?

टाकीतल्या किंवा तळ्यातल्या मत्स्यपालनात चालू खर्चाचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग खाद्यावर जातो. म्हणजे तुमचा नफा ठरतो तो मासा किती वाढला यावर नाही, तर किती खाद्यात किती वाढला यावर. याला एफसीआर म्हणतात. एक किलो मासा तयार व्हायला दीड किलो खाद्य लागलं तर एफसीआर १.५, दोन किलो लागलं तर २.

समजा खाद्य ₹५० किलो आहे. एफसीआर १.५ असेल तर एक किलो माशामागे खाद्याचा खर्च ₹७५. एफसीआर २ झाला तर ₹१००. टाकीतून २०० किलो माल निघाला तर फरक सरळ ₹५,००० चा. हे पाच हजार कुणी चोरले नाहीत, ते टाकीच्या तळाशी कुजले. (भाव इथे उदाहरणासाठी धरलेत. तुम्ही तुमच्या बिलावरचे आकडे घाला.)

माशाच्या शरीरात 'मॅनेजर' कोण?

आता शास्त्र, पण घाबरू नका. दुकानाच्या भाषेत सांगतो.

माशाच्या मेंदूच्या खालच्या बाजूला पिट्युटरी नावाची छोटीशी ग्रंथी असते. मराठीत तिला पीयूष ग्रंथी म्हणतात. ग्रोथ हॉर्मोन तिथे तयार होतं. मेंदू या ग्रंथीला दोन प्रकारचे निरोप पाठवतो : 'सोड' आणि 'थांब'. 'थांब' म्हणणाऱ्या निरोपाचं नाव सोमॅटोस्टॅटिन.

ग्रंथीतून सुटलेलं ग्रोथ हॉर्मोन रक्तातून यकृताकडे जातं. यकृताच्या पेशींवर त्याच्यासाठी खास कुलपं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. किल्ली कुलपात बसली की यकृत दुसरं एक हॉर्मोन तयार करतं : आयजीएफ-१. स्नायू आणि हाडं वाढवण्याचं बरंचसं काम हे आयजीएफ-१ करतं.

म्हणजे ग्रोथ हॉर्मोन हा ऑर्डर देणारा मॅनेजर, यकृत हा कारखाना आणि आयजीएफ-१ हा कारखान्यातून निघालेला माल. माल पुरेसा झाला की त्याची खबर वर मेंदूपर्यंत जाते आणि मॅनेजर ऑर्डर कमी करतो.

कारखान्याला कच्चा माल लागतोच. तो कच्चा माल म्हणजे खाद्य, त्यातही प्रथिनं.

उपास घडला की काय होतं?

इथे बहुतेक जण चुकीचा अंदाज बांधतात. 'खायला नाही म्हणजे ग्रोथ हॉर्मोन कमी होणार' असं वाटतं. पण अनेक माशांत नेमकं उलट दिसतं. सामन आणि ट्राउट यांच्यावर यासंबंधी भरपूर अभ्यास झालाय. हे मासे उपाशी राहिले की रक्तातलं ग्रोथ हॉर्मोन वाढतं, आणि आयजीएफ-१ मात्र घटतं. तिलापियात ग्रोथ हॉर्मोन किती वाढेल हे उपास किती दिवसांचा आहे यावर अवलंबून असतं. पण उपास लांबला की आयजीएफ-१ खाली येतं, हे तिथेही दिसतं.

असं का होतं? तीन कारणं आहेत :

- उपासात यकृतावरची कुलपं कमी होतात. मॅनेजर ऑर्डरवर ऑर्डर सोडतोय, पण कारखान्याचं शटर अर्धं खाली आहे.
- माल निघत नाही, म्हणून 'आता पुरे' ही खबर वर जात नाही. त्यामुळे मॅनेजर आणखी ऑर्डर सोडतो.
- जे थोडं आयजीएफ-१ उरतं, त्याला रक्तातली काही प्रथिनं धरून ठेवतात. ते स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही.

मग हे वाढलेलं ग्रोथ हॉर्मोन वाया जातं का? नाही. त्याचं दुसरं काम आहे, साठवलेली चरबी वितळवून ऊर्जा पुरवणं. म्हणजे खाणं असताना जे हॉर्मोन वाढ करतं, तेच हॉर्मोन उपासात मासा जगवतं. धंद्यात मंदी आली की शहाणा माणूस नवीन शाखा उघडत नाही, शिल्लक वापरून दुकान चालू ठेवतो. अगदी तसंच.

खाद्य पुन्हा सुरू केलं की हळूहळू कुलपं परत येतात, आयजीएफ-१ वाढतं आणि मासा नेहमीपेक्षा जास्त हावरेपणाने खातो. काही काळ त्याची वाढ नेहमीपेक्षा वेगाने होते. याला भरपाईची वाढ म्हणतात. पण लक्षात ठेवा, भरपाई कधी पूर्ण होते, कधी अर्धवटच. माशाची जात, वय, उपासाची लांबी आणि पाण्याचं तापमान या सगळ्यावर ते ठरतं. 'उपाशी ठेवा, नंतर दुप्पट वाढेल' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

निसर्गातला उपास : तिलापियाची मादी

तिलापियाची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. तेवढे दिवस ती जवळपास काही खात नाही. साधारण दहा-बारा दिवसांचा हा उपास, आणि टाकीत तो पुन्हा पुन्हा घडतो. मग ती वाढणार कशी? शिवाय पिल्लांची गर्दी होऊन सगळ्यांच्याच वाट्याचं खाद्य कमी होतं. म्हणूनच व्यावसायिक शेतीत सगळे नर असलेलं, म्हणजे मोनोसेक्स बीज घेतात. स्वस्त मिळालं म्हणून मिश्र बीज टाकलंत, तर टाकीतला निम्मा माल मधूनमधून उपासावर असेल.

तिलापियासाठी मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते आणि बीज मान्यताप्राप्त ठिकाणचंच घ्यायचं असतं, हेही विसरू नका. थाई मागूरवर तर देशात बंदीच आहे. 'झटपट वाढतो' म्हणून कुणी देऊ केला तरी हात लावू नका.

प्रश्न पहिला : जास्त खाद्य म्हणजे जास्त वाढ?

नाही. कारखान्याची क्षमता ठरलेली असते. कच्चा माल दुप्पट ओतला म्हणून मशीन दुप्पट चालत नाही. पोट भरल्यावर पडलेलं खाद्य तळाशी जातं आणि पाणी बिघडवतं.

किती बिघडवतं ते बघा. ३० टक्के प्रथिनं असलेल्या एक किलो खाद्यातून साधारण २५ ते ३० ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतं. तुमची टाकी १०,००० लिटरची आहे आणि तुम्ही रोज अर्धा किलो खाद्य जास्त टाकताय असं धरा. म्हणजे रोज १२ ते १५ ग्रॅमची भर, लिटरमागे एक मिलिग्रॅमहून जास्त. फिल्टरची किंवा बायोफ्लॉकची घडी बसलेली नसेल तर तीन-चार दिवसांत मासे वर येऊन तोंड उघडायला लागतात.

आणि अमोनिया वाढला, ऑक्सिजन घटला की माशावर ताण येतो. ताणात कॉर्टिसॉल नावाचं हॉर्मोन वाढतं. ते भूक आणि वाढ दोन्ही मारतं. म्हणजे वाढीसाठी जास्त टाकलेलं खाद्यच वाढ थांबवतं!

तिलापियासाठी ढोबळ प्रमाण असं ठेवा :

- २० ग्रॅमपर्यंतची बोटुकली : एकूण वजनाच्या ६ ते ८ टक्के, दिवसातून ४ वेळा
- २० ते १०० ग्रॅम : ४ ते ५ टक्के, ३ वेळा
- १०० ते २५० ग्रॅम : अडीच ते ३ टक्के, २ ते ३ वेळा
- २५० ग्रॅमच्या पुढे : २ टक्क्यांच्या आसपास, २ वेळा

दर पंधरा दिवसांनी २०-२५ मासे जाळीने काढून वजन करा आणि त्यावरून खाद्य बदला. अंदाजाने मूठ मारणं बंद. रोहू, कटला, मृगळ या माशांना जठरच नसतं, त्यामुळे त्यांना एकदम ढीगभर देण्यापेक्षा थोडं थोडं विभागून देणं बरं. जिताडा मात्र मोठ्या जठराचा शिकारी मासा आहे, त्याचं गणित वेगळं.

प्रश्न दुसरा : श्रावणात काय करायचं?

हा प्रश्न खास आपल्या बाजारपेठेचा आहे, म्हणून जरा थांबून समजून घ्या.

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते. ताजी मासळी कमी येते, तेव्हा तळ्यातल्या आणि टाकीतल्या माशाला विचारणा वाढते. त्यात आषाढ अमावास्येपर्यंत, म्हणजे गटारीपर्यंत खाणाऱ्यांची गर्दी. आणि दुसऱ्या दिवशी श्रावण सुरू! पुष्कळ घरांत महिनाभर मासळी बंद, काहींची तर गणपती विसर्जनापर्यंत. तोवर नारळी पौर्णिमेनंतर समुद्रातला मालही यायला लागतो.

म्हणजे पहिला धडा प्लॅनिंगचा : बीज अशा हिशेबाने टाका की माल गटारीच्या आधी विक्रीला येईल. श्रावण दरवर्षी त्याच तारखेला येत नाही, म्हणून बीज टाकताना कॅलेंडर समोर ठेवा.

तरी थोडा माल उरतोच. मग खाद्य बंद ठेवायचं? हिशेब करू.

टाकी १०,००० लिटरची. मासे ५००, सरासरी ३५० ग्रॅमचे, म्हणजे १७५ किलो माल. तुमच्या हवेच्या पंपावर ही टाकी जास्तीत जास्त २०० किलो पेलते असं धरू.

पर्याय अ : पूर्ण खाद्य. २ टक्क्यांनी रोज साडेतीन किलो. तीस दिवसांत १०५ किलो खाद्य, ₹५,२५०. एफसीआर १.६ धरला तर वाढ सुमारे ६५ किलो. कागदावर छान दिसतं, पण एकूण माल होतो २४० किलो आणि टाकी पेलते २००! मधेच एका रात्री लाईट गेली की खेळ खलास.

पर्याय ब : पूर्ण बंद. खाद्याचा खर्च शून्य. पण महिनाभरात आयजीएफ-१ खाली, चरबी वितळलेली, मासा लांबट आणि रोडका दिसणार. त्याला पाहून गिऱ्हाईक भाव पाडणार. शिवाय उपाशी मासे एकमेकांचे पंख कुरतडतात आणि रोगाला लवकर बळी पडतात. वीजबिल चालूच.

पर्याय क : एक दिवस आड खाद्य. महिन्यात साडेबावन्न किलो, ₹२,६२५. यातला मोठा हिस्सा माशाच्या जगण्यावर खर्च होईल, म्हणून वाढ अर्ध्यापेक्षा कमीच मिळेल. समजा २० ते २५ किलो. टाकी मर्यादेत राहते, मासा अंगाने धरलेला राहतो आणि यकृताचं शटर पूर्ण बंद होत नाही.

आता नीट लक्ष द्या. पर्याय क मध्ये खाद्याचे ₹२,६२५ वाचले, पण अ च्या तुलनेत किमान ४० किलो मासाही कमी तयार झाला. ₹१४० भावाने तो ₹५,६०० चा होतो. म्हणजे टाकीत जागा असती आणि मोठ्या माशाला गिऱ्हाईक असतं, तर खाद्य कापणं हा तोट्याचा सौदा ठरला असता. वाचवलेलं खाद्य म्हणजे नफा नव्हे. खाद्य कापायचं ते तीनच परिस्थितींत :

१. मासा विक्रीच्या वजनाला आलाय आणि आणखी मोठा झाला तरी भाव वाढणार नाही.
२. टाकी किंवा तळं क्षमतेच्या काठावर आहे.
३. पाणी किंवा हवामान साथ देत नाही.

फिलिपिन्समध्ये खत घातलेल्या तळ्यांत तिलापियाला एक दिवस आड खाद्य देऊन पाहिलं. खाद्याचा खर्च जवळपास निम्म्यावर आला आणि उत्पादनात फारसा फरक पडला नाही. पण का, ते समजून घ्या. तिथे तळ्यात शेवाळ आणि सूक्ष्मजीव हे नैसर्गिक खाणं होतं. 'उपासाच्या' दिवशी मासा खरा उपाशी नव्हताच, आपल्या साबुदाणा खिचडीसारखा! स्वच्छ पाण्याच्या सिमेंटच्या टाकीत तो खरोखर उपाशी असतो. दुसऱ्याचा फॉर्म्युला उचलताना त्याची परिस्थितीही उचलता येते का, ते बघा.

श्रावण संपताना विक्रीच्या दोन-तीन आठवडे आधी खाद्य वाढवायला लागा. पण पहिल्याच दिवशी पूर्ण नको. आधी एक टक्का, तीन-चार दिवसांनी दीड, मग दोन. मासा हावऱ्यासारखा खाईल, पण पाण्यातल्या जिवाणूंना वाढलेला अमोनिया पचवायला वेळ लागतो.

बोटुकलीला उपास कधीच नको

वरचं सगळं मोठ्या माशांसाठी. लहान पिल्लांकडे चरबीची शिल्लक नसते. त्यांना उपास घडला की लहान-मोठ्यांतला फरक वाढतो, आणि जिताड्यात तर मोठं पिल्लू लहान पिल्लाला गिळतं. पेण, अलिबाग, पनवेलकडे घराशेजारच्या तळ्यात जिताडा वाढवायची जुनी पद्धत आहे. ते बघून तुम्हालाही जिताडा करावासा वाटेल, भावही चांगला मिळतो. पण दर काही दिवसांनी आकारानुसार वर्गवारी करायची आणि वेळेवर खाऊ घालायची तयारी असेल तरच त्यात पडा.

उपास जिथे फायद्याचाच आहे

- विक्रीच्या आधी २४ तास : पोट रिकामं असलं की वाहतुकीच्या पाण्यात घाण कमी होते आणि जिवंत मासा जास्त टिकतो. वजन किंचित घटेल, पण गिऱ्हाईक टिकेल.
- बीज आणताना : हॅचरीवाल्याला विचारा, पॅकिंगआधी खाद्य थांबवलं होतं का? आणल्यावर लगेच खाऊ घालू नका, आधी पाण्याशी जुळू द्या.
- ढगाळ दिवस, लाईट गेलेली, ऑक्सिजन लिटरमागे ४ मिलिग्रॅमच्या खाली : खाल्ल्यावर माशाला ऑक्सिजन जास्त लागतो. अशा वेळी उपाशी मासा जास्त वेळ तग धरतो. एक वेळचं खाद्य चुकल्याने वाढ अडत नाही, पण एका रात्रीत टाकी उलटली तर भांडवल जातं.
- पहाटे खाद्य नको : तेव्हा ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. ऊन वर आल्यावर द्या.

प्रश्न तिसरा : ग्रोथ हॉर्मोनची पावडर

ग्रोथ हॉर्मोन हे प्रथिन आहे. खाद्यात मिसळलं तर बहुतांशी पोटात पचून जातं, डाळीतलं प्रथिन पचतं तसं. आणि वर पाहिलंत ना, उपाशी माशात हे हॉर्मोन आधीच जास्त असतं, तरी तो वाढत नाही! अडचण मॅनेजरची नसतेच, कच्च्या मालाची आणि कारखान्याची असते. पावडरीच्या पैशात चांगल्या प्रतीचं खाद्य आणि एक पाणी तपासणी किट घ्या.

'पण सर, माशांना पिट्युटरीचं इंजेक्शन देतात ना?' देतात. ते वाढीसाठी नाही, प्रजननासाठी. १९५७ साली ओडिशातल्या अंगुल येथे हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्युटरीचा अर्क टोचून आपल्या कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन त्याच यशाच्या आठवणीत पाळतात. हॅचरीतून आज जे रोहू-कटल्याचं बीज मिळतं, त्याची सुरुवात तिथली. हे काम हॅचरीचं आहे, टाकीवाल्याचं नाही.

कोलशेतकरांसाठी खास चार गोष्टी

१. खाडीचं पाणी थेट टाकीत घेऊ नका. खारेपणा भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो, आणि वरून उल्हास नदीबरोबर काय काय येतं ते तुम्हाला ठाऊक आहे. बोअरचं पाणीही तपासूनच वापरा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडू द्या.
२. खाडीकाठी बांधकाम करण्याआधी सीआरझेडचे नियम विचारून घ्या.
३. वर्सोव्याला केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे, १९६१ पासून. प्रशिक्षणाची चौकशी तिथे करा. ठाण्याहून एका दिवसात जाऊन येता येतं.
४. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये आली. तिच्यात सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद ठेवली गेली. सध्या काय चालू आहे ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. पण सबसिडीच्या भरवशावर कर्ज काढू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

टाकी अजून घेतली नसेल तरी हा हिशेब करा :

- तुमच्या भागातला विक्रेता कोणत्या वजनाचा मासा घेतो? तीन जणांना विचारा.
- येत्या वर्षी गटारी कधी? तिथून मागे मोजून बीज टाकायची तारीख काढा.
- खाद्याचा भाव गुणिले एफसीआर. १.५ ला किती आणि २ ला किती?
- श्रावणात माल उरला तर अ, ब, क पैकी कोणता पर्याय, आणि का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर कारणासकट लिहिता आलं, तर टाकीसाठी पैसे काढायला हरकत नाही. नाही आलं तर पैसे बँकेत राहू द्या, ते तिथे मरत नाहीत. तुमचे आकडे कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत त्यातलेच दोन हिशेब फळ्यावर सोडवू.